पाण्याची बातमी चार ओळींत का गेली?

*ताई, नमस्कार. मी माढा तालुक्यातल्या एका गावची. सोलापुरात पत्रकारितेच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका दैनिकात इंटर्न म्हणून काम करते. सकाळी तास, दुपारी फिल्ड, रात्री दहा-साडेदहापर्यंत ऑफिस. अधिकाऱ्यांना फोन लावला आणि 'विद्यार्थिनी आहे' म्हटलं की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतात. पूर्व भागात पाण्यासाठी फिरून बातमी केली. छापून आल्या चार ओळी, त्याही अभियंत्यांच्या खुलाशाच्या. मागच्या महिन्यात एका अपघातानंतर मला सिव्हिलला पाठवलं. मृत मुलाच्या आईकडून त्याचा फोटो आणायचा होता. मी वॉर्डाबाहेर उभी राहिले आणि तशीच परत आले. सीनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही." मानधन रिक्षा आणि चहात संपतं. पप्पा म्हणतात, हे सोड आणि एमपीएससीचा क्लास लाव. बातमीची मूळ प्रत सोबत जोडली आहे. खरंच माझ्याच्यानं होणार नाही का?*

*— एक विद्यार्थिनी, सोलापूर*

तुझं पत्र आणि बातमीची प्रत, दोन्ही सावकाश वाचलं. पत्रात सिव्हिलचा प्रसंग तू तीन-चार वाक्यांत उरकला आहेस, पण सगळ्यात जास्त सलतंय ते तेच, असं मला वाटतं. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

पोटचा पोरगा गेलेल्या बाईपुढे हात पसरून तू फोटो मागितला नाहीस, यात तुझं काहीही चुकलेलं नाही. तो फोटो नसता तर अंक अडला नसता. पण तू वॉर्डाबाहेर उभी राहून तशीच परत आलीस, ते मात्र टाळता आलं असतं. तुला तिथं पाठवणाऱ्यांनी 'फोटो आण' एवढंच सांगितलं. अशा ठिकाणी काम कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही, आणि वर्गातही हे क्वचितच शिकवतात. तेव्हा ते इथेच सांगते.

अपघाताच्या बातमीसाठी लागणारी माहिती आईकडे नसते. सिव्हिलमध्ये पोलीस चौकी असते, अपघातातला माणूस आणला की तिथे नोंद होते. नाव, वय, गाव, आणल्याची वेळ, कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतली घटना, हे सगळं तिथं मिळतं. पुढे गुन्हा दाखल झाला तर एफआयआर आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिल्यापासून संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. म्हणजे वॉर्डाच्या दारात पोहोचण्याआधीच तुझी वही अर्धी भरलेली असायला हवी.

मग नातेवाईक. प्रत्येक घरात अशा वेळी एखादा मामा, चुलता किंवा गावचा माणूस कागदपत्रांमागे पळत असतो. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानापाशी किंवा चहाच्या टपरीवर तो सापडतो. त्याच्याजवळ जा, आपलं नाव आणि दैनिकाचं नाव सांग आणि वही त्याच्यापुढे धरून एवढंच विचार: "दादा, नाव, वय, गाव बरोबर लिहिलंय का, एकदा बघता का?" या प्रश्नाला सहसा कुणी चिडत नाही. आपल्या माणसाचं नाव पेपरात चुकू नये, असं घरच्यांना फार वाटत असतं. 'कुणाल'चा 'कृणाल' झाला तर तो घाव वर्षानुवर्षे राहतो. ते कात्रण घरात जपून ठेवलेलं असतं ना. बोलता बोलता तो माणूस स्वतःहून सांगतो, पोरगा काय करत होता, कुठे निघाला होता. फोटो द्यायचा असेल तर मोबाइलमधून काढून देतो. नाही म्हणाला तर 'बरं' म्हणून, नंबर देऊन निघायचं. ऑफिसात सांगायचं, 'घरच्यांनी नकार दिला.' ते सांगताना मान खाली घालायची नाही. शोकात असलेल्या घराला त्रास देऊ नये, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते.

दोन ठिकाणी मात्र नकाराचीही वाट पाहायची नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. नाव तर नाहीच, पण गल्ली, शाळा, वडिलांचा धंदासुद्धा नाही. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. छोट्या गावात 'अमुक वस्तीवरील सातवीतील विद्यार्थिनी' एवढ्यावरूनही सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे आत्महत्या. माणूस कसा गेला याचं वर्णन करायचं नाही आणि कारण एका ओळीत ठरवून टाकायचं नाही. डेस्कवर कुणी तपशील मागितला तरी देऊ नकोस.

आणि एक. अशा रात्रीनंतर खोलीवर जाऊन एकटी पडून राहू नकोस. मैत्रिणीला सांग, आईला सांग. ज्यांना वीस-पंचवीस वर्षं या कामात झाली, त्यांनाही हे लागतंच, फक्त बोलून दाखवायची पद्धत आपल्या ऑफिसांमध्ये पडली नाही, आणि ते वाईट आहे.

आता पाण्याची बातमी. तुझी प्रत मी पेन्सिल घेऊन वाचली, आणि जे दिसलं ते स्पष्ट सांगते, कारण तुझ्यात जीव आहे हे त्या प्रतीत दिसतंच. पहिला परिच्छेद असा सुरू होतो: 'शहरातील पूर्व भागात पाणीप्रश्न पुन्हा एकदा ऐरणीवर आला असून नागरिकांमधून तीव्र संताप व्यक्त होत आहे.' शेवट: 'प्रशासनाला कधी जाग येणार, असा सवाल उपस्थित होत आहे.' ही वाक्यं तुझी नाहीत. ती गेली कित्येक वर्षं प्रत्येक दैनिकाच्या प्रत्येक आवृत्तीत पडून आहेत, तू ती फक्त उचललीस. पण मधल्या पाचव्या परिच्छेदात विड्या वळणारी एक बाई म्हणते, "पाणी येणार त्या दिवशी मी पानं भिजवत नाही, कारण अर्धा दिवस नळाशी जातो. म्हणजे त्या दिवशीची मजुरी गेली." हे वाचून मी थांबले. विडीकामगार बाईची मजुरी वळलेल्या विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणजे पाणी उशिरा आलं की तिचा रोज बुडतो. पाणी आणि मजुरीचा हा धागा तुझ्या हाताला लागला होता, आणि तू तो पाचव्या परिच्छेदात पुरून ठेवलास.

रात्री उपसंपादकाच्या बाजूने बघ. संध्याकाळी एक जाहिरात वाढते, पान आक्रसतं. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी लवकर जाणाऱ्या अंकाचं, पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते. त्याच्यापुढे तुझी सहाशे शब्दांची बातमी येते आणि तो पारंपरिक पद्धतीने खालून कापत वर येतो. वर काय उरतं? संताप आणि ऐरणी. त्यात माहिती काहीच नाही. मग तो मजकुरात आकडा शोधतो आणि आकडा तुझ्या बातमीत एकाच माणसाच्या तोंडी आहे, अभियंत्यांच्या: 'चार दिवसांआड नियमित पुरवठा सुरू आहे.' तेच वाक्य वर गेलं आणि बातमी त्यांची झाली. त्या उपसंपादकावर रागावू नकोस. ज्याच्याकडे आकडा त्याची बातमी, असं रात्री साडेनऊला होतंच.

तेव्हा तुझ्या बायांकडेही आकडा हवा होता. आणि तो होता! ज्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, तिथं स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर कधी नीट पाहिलंस का? दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता आणि पाणी आल्याचा दिवस, सगळं त्यावर असतं. कुणी गोल करतं, कुणी 'पा' लिहितं, कुणी वेळही टाकतं. त्या बाईच्या घरी पुन्हा जा आणि कॅलेंडर दाखवा म्हण. तिच्याकडे नोंद नसेल तर शेजारी असेल. एकाच गल्लीतल्या पंधरा-वीस घरांची दोन महिन्यांची पानं मोबाइलवर टिपून घे, घरच्यांना विचारून. मग तारखा एका कागदावर उतरव. कधी चौथा दिवस, कधी सहावा, कधी पहाटे तीनला, कधी विजेच्या गोंधळात अर्धाच तास. हा कागद घेऊन अभियंत्यांकडे गेलीस तर ते 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतील, असं मला वाटत नाही.

आणि जाताना हेही मनात ठेव की दोघंही खरं बोलत असू शकतात. टाकीतून पाणी ठरल्या दिवशी सुटलं असेल आणि टोकाच्या गल्लीत दाब नसल्यामुळे ते पोहोचलंच नसेल. चावीवाल्याला भेट. कुठली चावी किती वाजता फिरवली हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला सहसा कुणी काही विचारत नाही. त्याचं नाव छापायचं की नाही ते आधी त्याच्याशी ठरव, कारण बातमी तुझी होते आणि नोकरी त्याची जाते.

तुझ्या प्रतीत 'उजनीत मुबलक पाणी असूनही' असंही आहे. उजनीवर लिहायचं तर तिचं गणित पाठ हवं, कारण या जिल्ह्यात निम्म्या बातम्या तिथूनच निघतात. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, बाकीचा ६३ टीएमसीच्या वरचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणून मृतसाठ्याला हात लागला की धरण 'वजा'त जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा पन्नासच्याही खाली गेलं होतं आणि त्याच पावसाळ्यात भरलं. 'वजा' म्हणजे धरण कोरडं, असं ज्याला वाटतं तो चुकीची बातमी लिहितो. 'शंभर टक्के' म्हणजे नळाला पाणी, असं वाटतं तोही. धरण आणि नळ यांच्यामध्ये जलवाहिन्या आहेत, पंप आहेत, वीज आहे, जलशुद्धीकरण केंद्र आणि उंच टाक्या आहेत. सोलापूरच्या पाण्यासाठीचा भीमेवरचा औज बंधारा भरायचा तर भीमेतून पाणी सोडावं लागतं, आणि ते वाटेत मुरतं, उपसलंही जातं. 'मुबलक पाणी असूनही का नाही' या प्रश्नाचं उत्तर या साखळीतल्या कुठल्यातरी एका कडीत आहे. ती कडी शोधणं ही तुझी पुढची बातमी.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापर. तू विद्यार्थिनी असलीस काय आणि संपादक असलीस काय, २००५ च्या कायद्यापुढे दोघी सारख्याच नागरिक. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही, दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून भाषण लिहू नकोस. 'अमुक टाकीवरून अमुक भागाला १ मार्च ते ३० एप्रिल या काळात पाणी सोडल्याच्या नोंदवहीची छायांकित प्रत मिळावी' एवढं पुरतं. 'पाणी का येत नाही' असं विचारलंस तर उत्तर येईल 'ही माहिती नाही'. कायदा असलेला कागद देतो, नसलेलं स्पष्टीकरण देत नाही.

फोनचं थोडक्यात. 'मी विद्यार्थिनी' हे पहिलं वाक्य नको. नाव, दैनिक, आणि लगेच नेमका प्रश्न. फोन करण्याआधी तो वहीत लिहून काढ. उचलला नाही तर तोच प्रश्न वेळेसकट मेसेज कर. उद्या 'आमची बाजू विचारली नाही' असं कुणी म्हणालं तर तुझ्याकडे पुरावा राहतो. आणि शक्य असेल तिथं फोन करूच नकोस, जा. साहेब भेटले नाहीत तर बाहेरच्या टेबलावरचे कारकून भेटतील, आणि तेही महत्त्वाचे आहेत.

तुझं पत्र वाचताना मला सतत एक गोष्ट जाणवत राहिली. तू रोज नव्या ठिकाणी, नव्या माणसासमोर उभी असतेस. आज सिव्हिल, उद्या आंदोलन, परवा मार्केट यार्डात कांद्याचे दर, तेरवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. इंटर्नला असंच पळवतात. ओळख कुठेच होत नाही, म्हणून प्रत्येक दार पहिल्यांदाच वाजवल्यासारखं वाटतं. त्यातून वाटायला लागतं की आपल्यातच काही कमी आहे. तेव्हा ऑफिसने दिलेलं सगळं करच, पण त्याखेरीज एक छोटा तुकडा स्वतःचा धर. पूर्व भागातल्या त्या दोन-तीन गल्ल्या धर. दर आठवड्याला तिथे जा, बातमी असो वा नसो. चहा पी, शाळेचं विचार, रेशनचं विचार, विडीच्या पानांची प्रत कशी येते आहे ते विचार. तिथे घराघरांत तेलुगू बोलतात आणि तू माढ्याची. मराठी सगळ्यांना येतं, पण म्हाताऱ्या बाया मनातलं तेलुगूतच बोलतात. वर्गातल्या एखाद्या तेलुगू मैत्रिणीला सोबत ने आणि तिच्याकडून कामापुरतं शिकून घे. बातमी नसताना जो बातमीदार दिसतो, त्याला लोक बातमी असताना फोन करतात. यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

बातमी छापून आल्यावरही तिथे जा. अंक घेऊन जा. चार ओळी आल्या तरी त्या दाखव आणि का कमी आल्या ते सांग. हे सगळ्यात अवघड आहे, कारण त्या बाया म्हणतील, "आमचं काहीच नाही आलं की गं." ऐकून घे. बहुतेक बातमीदार इथेच पुन्हा त्या गल्लीत जायचं सोडतात, आणि मग पुढच्या वेळी त्या गल्लीत कुणी तोंड उघडत नाही.

बायलाइनबद्दल, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव येण्याबद्दल, तू लिहिलं नाहीस, पण ती मनात असणार. ती येईल. आत्ता कात्रणांची फाइल ठेव, आणि प्रत्येक कात्रणामागे तुझी मूळ प्रत लाव. काय कापलं, काय बदललं, ते आठवड्यातून एकदा शेजारी ठेवून वाच. पानं लागायच्या आधी, दुपारी चारच्या सुमाराला डेस्कवर थोडी उसंत असते, तेव्हा त्या उपसंपादकांना विचार की ही ओळ का काढली. रात्री नऊला विचारलंस तर ओरडा खाशील.

पैशाबद्दल तुझ्या पप्पांची काळजी खोटी नाही आणि मी त्यांच्या विरोधात तुला उभं करणार नाही. जिल्हा पातळीवर या कामात सुरुवातीला पैसा कमी मिळतो आणि नंतरही झटपट वाढत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कितीतरी बातमीदारांचं घर बातमीवर कमी आणि जाहिरातीच्या कमिशनवर जास्त चालतं. १५ ऑगस्ट, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस आले की टार्गेट येतं. नोकरीचं बोलणं होईल तेव्हा तोंडावर विचार: मला जाहिराती आणाव्या लागतील का? ज्या सरपंचाकडे सकाळी जाहिरात मागायची, त्यालाच दुपारी टाकीच्या बांधकामाचा हिशेब विचारायचा, हे जमत नाही. या व्यवस्थेने अनेक चांगल्या माणसांची लेखणी बोथट केली आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हाताशी दुसरं काम असू दे. भाषांतर येत असेल तर त्याला मागणी आहे. आवाज चांगला असेल तर आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून अर्ज मागवतात. दरमहा खोलीभाडं निघेल एवढी सोय या कामाबाहेरून झाली, की कामात मान ताठ ठेवता येते.

एमपीएससीबद्दल एक गोष्ट पप्पांना सांग, कदाचित त्यांना ठाऊक नसेल. राज्याच्या माहिती व जनसंपर्क खात्यातली जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदंही आयोगामार्फत भरली जातात, आणि त्यांना पत्रकारितेचं शिक्षण आणि अनुभव लागतो. म्हणजे आज तू जे करते आहेस ते त्यांच्या मार्गातही वाया जात नाही. पण क्लास आणि इंटर्नशिप दोन्ही अर्धंअर्धं करू नकोस, त्यात दोन्ही हातचं जातं. एम. ए. संपेपर्यंत हेच कर. निकालानंतर पप्पांसोबत बसून ठरव, त्या वेळी फाइलमध्ये जी कात्रणं असतील ती पुढ्यात ठेवून.

तुझ्याच्यानं होईल का? विडीची पानं आणि पाण्याचा दिवस यांचा संबंध ज्या मुलीला दिसला, तिला बाकीचं शिकता येतं. जे सीनियर चारचौघांत असं बोलले, त्यांनी ते एकट्यात बोलायला हवं होतं, आणि काम कसं करायचं हे आधी सांगायला हवं होतं.

या सोमवारी दोन गोष्टी माग. शहर प्रतिनिधींना सांग की शनिवारची दुपार मला पूर्व भागासाठी हवी, महिन्याला एक बातमी नक्की देईन. आणि रात्री दहानंतर थांबवणार असाल तर खोलीपर्यंत सोडण्याची व्यवस्था करा, हेही सांग. दुसरी गोष्ट मागताना संकोच करू नकोस. पहिलीला 'बघू' म्हणाले तरी शनिवारी जा, कॅलेंडरची पानं गोळा करायला तेवढी एक दुपार पुरते.